खाडीचा चिखल श्वास कसला घेतो?

मध्यंतरी आमच्या एका ग्रुपवर नवी मुंबईत नेरुळला डीपीएस शाळेजवळ असलेल्या डीपीएस तळ्याचा फोटो आला, तेच तळं ज्याला आता सगळे फ्लेमिंगो लेक म्हणतात. पाणी हिरवंगार, कडेला चिखल भेगाळलेला. खाली दोन कमेंट. एक म्हणे, सुकू दे, डास तरी कमी होतील. दुसरा भला माणूस, तो म्हणाला एवढं काय त्यात, महापालिकेने चार टँकर लावून पाणी सोडावं, तळं भरेल. पहिल्याचा राग आला पण खरं सांगायचं तर दुसऱ्या कमेंटनेच मी लिहायला बसलो, कारण ती चांगल्या मनाने केलेली आहे आणि तरी पूर्ण चुकीची आहे. खाडीकाठचं पाणथळ म्हणजे बादली नव्हे की रिकामी झाली, भरली. तिथे पाणी किती आहे यापेक्षा ते दिवसातून दोनदा बदलतं का, हा प्रश्न मोठा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. ठाणे खाडीचा काही भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला, महाराष्ट्रातलं ते तिसरं रामसर स्थळ, आधीची दोन नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार. पण नेरुळ-सीवूड्स बाजूची तळी अभयारण्याच्या हद्दीत नाहीत. फ्लेमिंगोंना, म्हणजे आपल्या रोहित पक्ष्यांना कुठे माहिती हद्द. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो तेव्हा ते तिथे चरतात, भरती आली की चिखलावर पुरुष-दोन पुरुष पाणी चढतं, आणि मधल्या काही तासांसाठी पाय टेकतील अशी उथळ जागा लागते. धाकटा रोहित उभा राहिला तर जेमतेम तीन फूट. ती उथळ जागा म्हणजे ही तळी. म्हणजे खाडी ही थाळी आणि तळं ही ओसरी, एक काढलं तर दुसऱ्याचा उपयोग नाही.

2024 च्या उन्हाळ्यात डीपीएस तळ्यात येणारी भरतीच्या पाण्याची वाट बंद झाली होती, तळं सुकत गेलं, पक्षी सैरभैर झाले, काही मेले सुद्धा. तेव्हा आसपासचे रहिवासी, पक्षीमित्र, पर्यावरणवाले सगळे मागे लागले, मानवी साखळ्या झाल्या, पत्रं गेली, सरकारने समिती नेमली आणि एप्रिल 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या साधारण 30 एकर तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा द्यायला मान्यता दिली. ही छोटी गोष्ट नाहीये. त्याच्या शेजारच्या एनआरआय वसाहत आणि टी. एस. चाणक्य या नाविक प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळींवर गोल्फ कोर्स आणि इमारती होणार होत्या, त्यावर रहिवाशांच्याच याचिकेवर 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला, प्रकरण पुढे सुप्रीम कोर्टात गेलं. नोकरीधंदा सांभाळून, खिशातले पैसे घालून कोर्टाच्या तारखा करणारी ही माणसं आहेत, मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

आता माझ्या आवडीच्या विषयावर येतो, मोरी. रस्त्याखालची साधी सिमेंटच्या पाइपांची मोरी, जिच्यातून भरतीचं पाणी तळ्यात येतं आणि ओहोटीला परत जातं. आपल्याकडे भरती साधारण 12 तास 25 मिनिटांनी येते, म्हणजे दिवसाला दोन. समजा प्रत्येक भरतीला तळ्यातलं एक पंचमांश पाणी बदललं (आकडा मी हिशोबासाठी धरलाय), तर दहा भरत्यांनंतर म्हणजे पाचेक दिवसांत जुन्या पाण्यातलं जेमतेम दहा टक्के उरतं. चक्रवाढ व्याजाचं गणित, फक्त उलटं. आता त्या पाइपमध्ये अर्ध्यापर्यंत गाळ, डेब्रिज, प्लास्टिक साचलं. आपल्याला वाटतं पाणी निम्मं होईल. नाही होत, ते जवळपास एक तृतीयांशावर येतं, कारण जागा निम्मी झाली पण उरलेल्या पाण्याला घासायला कडा मात्र त्या मानाने जास्त, घर्षण वाढतं. मग तेच पाणी बदलायला पाचाऐवजी सतरा दिवस. आणि याहून वाईट म्हणजे गाळामुळे मोरीचा उंबरा वर येतो. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी तो उंबरा ओलांडतं पण अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, ती कमी चढते, आणि तेव्हा दिवसचे दिवस थेंब आत येत नाही. बाहेरून बघणाऱ्याला मोरी उघडीच दिसते. अधिकारी येऊन बघून जातो, फोटो काढतो, मोरी चालू आहे असं लिहितो, आणि तळं मात्र आत गुदमरत असतं.

गुदमरत असतं हे मी अलंकार म्हणून म्हणत नाहीये. चिखल खरंच श्वास घेतो, म्हणजे चिखलातले जिवाणू घेतात.

शाळेत शिकलो ते आठवा, अन्न जाळून ऊर्जा मिळवायची तर अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन कोणीतरी घ्यायला लागतात. आपल्या शरीरात ते काम ऑक्सिजन करतो. खाडीच्या चिखलात ऑक्सिजन फक्त वरच्या काही मिलिमीटरमध्ये असतो, त्याखाली नाहीच. मग तिथले जिवाणू काय करतात, तर जो मिळेल त्याला इलेक्ट्रॉन देतात, आणि त्याला एक ठरलेली रांग आहे. आधी नायट्रेट, मग मँगनीज, मग लोह, मग सल्फेट, आणि काहीच उरलं नाही तर शेवटी कार्बन डायऑक्साइड. रांगेत जितकं खाली जाल तितकी ऊर्जा कमी मिळते, म्हणून वरचा पर्याय असेपर्यंत खालच्या पर्यायावर जगणाऱ्यांची डाळ शिजत नाही, त्यांचं अन्न वरचे लोक आधीच खाऊन टाकतात. एखादी काठी चिखलात वीतभर खुपसून बाहेर काढा, वरती तपकिरी पट्टा दिसेल, तिथे लोहाचा गंज आहे, आणि खाली काळाकुट्ट. तो काळा रंग म्हणजे लोखंड आणि सल्फाइड यांचं संयुग. आणि कुजक्या अंड्याचा तो वास, ज्याला लोक गटाराचा वास म्हणून नाक मुरडतात, तो हायड्रोजन सल्फाइड, सल्फेटवर श्वास घेणाऱ्या जिवाणूंचा उच्छ्वास. थोडासा वास असणं हे निरोगी खाडीचंसुद्धा लक्षण आहे.

खरी गंमत सल्फेटमध्ये आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 2.7 ग्रॅम सल्फेट असतं, नदीच्या किंवा पावसाच्या पाण्यात त्याच्या मानाने नगण्य. प्रत्येक भरती म्हणजे चिखलाला सल्फेटचा ताजा पुरवठा. तो आहे तोवर सल्फेटवाले जिवाणू हायड्रोजन आणि अॅसिटेट हे खाद्य पटकावतात, आणि रांगेतले सगळ्यात शेवटचे, मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव, उपाशी राहतात. म्हणून खारं, भरतीचं पाणी खेळणारं पाणथळ मिथेन फार कमी सोडतं आणि वर्षानुवर्षं कार्बन चिखलात गाडत राहतं. आता मोरी बंद करा. खारं पाणी येणं थांबलं, पाऊस आणि सांडपाणी मात्र वरून येतंच आहे, खारटपणा उतरला, उरलंसुरलं सल्फेट वापरून संपलं आणि रांगेतला शेवटचा गडी मोकळा सुटला. मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास 28 पट तापवतो. म्हणजे जे पाणथळ कालपर्यंत कार्बन साठवत होतं तेच हवा तापवायला लागतं, आणि एकही झाड न तोडता, एकही डंपर भरणी न टाकता. म्हणून टँकरने गोडं पाणी सोडणं हा उपाय नाही, उलट ते आगीत तेल आहे. तळं भरलेलं दिसेल, बस.

आणि पूर्ण सुकलं तर? तर उलट रसायन सुरू होतं. त्या काळ्या चिखलात वर्षानुवर्षं साठलेलं लोह-सल्फाइड, त्यातलं बरंच पायराइट, हवेला उघडं पडलं की ऑक्सिजन आणि पाण्याशी मिळून सल्फ्युरिक आम्ल बनवतं, जे बॅटरीत असतं तेच. जमीन चारच्या खाली पीएच जाईल इतकी आंबट होऊ शकते. केरळातल्या कुट्टनाडची करी जमीन अशीच, तिथले शेतकरी पिढ्यान् पिढ्या या आम्लाशी झगडतायत. अशी जमीन वर्षभर सुकवून पुन्हा पाणी सोडलं म्हणजे पूर्वपदावर आली असं होत नाही, पहिल्या पाण्याबरोबर ते आम्ल आणि त्यात विरघळलेलं अॅल्युमिनियम, लोह सगळं बाहेर येतं आणि मासे मरतात.

हे डोळ्याने बघायचं तर घरी करा. सर्गेई विनोग्राद्स्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही युक्ती काढली. मी दोन बाटल्या केल्या, पाण्याच्या एक लिटरच्या प्लास्टिकच्या. खाडीकाठचा चिखल, त्यात वर्तमानपत्राचे तुकडे, अर्ध्या अंड्याचा बलक, एकीत वर खाडीचं पाणी आणि दुसरीत नळाचं. झाकण सैल, आणि दोन्ही खिडकीत. दोन-तीन आठवड्यांनी खाडीच्या पाण्याची बाटली खालून काळी पडली, मग त्यावर उन्हाच्या बाजूला जांभळट लाल पट्टा आला, ते सल्फाइड खाऊन उजेडावर जगणारे जांभळे जिवाणू. नळाच्या पाण्याची बाटली मात्र करडीच राहिली आणि चिखलात बुडबुडे अडकलेले दिसायला लागले, बाटली हलवली की टुपुक टुपुक वर येतात. ते बुडबुडे मी तपासले नाहीत, त्यामुळे त्यात मिथेन किती ते सांगणार नाही, पण दोन बाटल्यांतला फरक माझ्या मुलीने दाराकडून ओळखला.

बुडबुड्यांवरून आठवलं, खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीत रात्री दिवे दिसतात, चकवा लागतो, गिऱ्हा म्हणजे पाण्यातलं भूत ओढून नेतं असं कोकणात अजून सांगतात. दलदलीतले वायू आणि ते दिवे यांचा संबंध शास्त्रज्ञ फार पूर्वीपासून जोडत आलेत, मिथेन आपोआप पेटत नाही त्यामुळे नेमकं काय होतं यावर वाद आहे, पण तो वाद रसायनाचा आहे, भुतांचा नाही. या गोष्टींचा तोटा असा की खाजण ही वाईट जागा, बुजवली तर बरंच झालं, असं मनात लहानपणीच बसतं. आणि नव्या काळची अंधश्रद्धा वेगळीच आहे, एक कांदळवन तोडा आणि बदल्यात दहा रोपं कुठेतरी लावा, बरोबरी झाली. रोपाला पाण्याची ये-जा नाही मिळाली तर ते मरतं, आणि जगलं तरी शंभर वर्षांचा काळा चिखल रोपाबरोबर येत नाही.

डासांचं म्हणाल तर, काही जातीचे डास खाऱ्या पाण्यातही होतात हे खरं, पण दिवसातून दोनदा हलणाऱ्या आणि माशांनी भरलेल्या पाण्यात अळ्या फार टिकत नाहीत. त्या टिकतात ते मोरी बुजल्यावर उरलेल्या डबक्यांत. म्हणजे पहिल्या कमेंटवाल्याला डास नको असतील तर त्याने मोरी उघडी ठेवा म्हणायला हवं.

आपल्या लोकांना हे कळत नव्हतं असं मुळीच नाही. गोव्यातल्या खाजन शेतीत बांधाला मानस म्हणजे पाण्याची झडप असते, लाकडी दारांची, भरतीला पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला उघडते, आणि कधी किती पाणी आत घ्यायचं ते गाव ठरवायचं. रायगडात खारं पाणी अडवणाऱ्या खारबंदिस्तीच्या बांधाला तशीच उघाडी असते. जिताडा माशाची पिल्लं समुद्राकडून खाडीत, खाडीतून आत चढतात, दार बंद तर जिताडा नाही, हे पेण-अलिबागकडे कोणालाही विचारा. करावे गावाच्या बाजूला एक वयस्कर काका भेटले होते, त्यांना मी सल्फेट वगैरे उत्साहाने सांगत बसलो, त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "पानी फिरलं पायजे. फिरलं नाय तं निवटी पन रात नाय." निवटी म्हणजे चिखलावर उड्या मारणारा तो डोळेबाहेर मासा. यापेक्षा चांगला निर्देशक मला कुठल्या पुस्तकात मिळाला नाही.

उरणच्या कोळी बांधवांनी तर हे न्यायाधिकरणासमोर मांडलं. बंदराच्या भरणीमुळे भरतीच्या पाण्याची वाट आवळली गेली आणि मासेमारी गेली, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि 2015 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 1630 कुटुंबांना 95 कोटींहून जास्त भरपाई देण्याचा आदेश दिला. मला यात पैशापेक्षा मोठी वाटते ती गोष्ट म्हणजे पाण्याची ये-जा हीच लोकांची मालमत्ता आहे हे कागदावर आलं. कारण एरवी कागद आपल्या विरोधातच असतो. 2017 च्या पाणथळ नियमांमध्ये मीठ उत्पादनासाठी, मत्स्यशेतीसाठी मुद्दाम बांधलेल्या जागा पाणथळीच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. आता उरण, नवी मुंबईकडच्या कितीतरी जागा कधीकाळची मिठागरं. मीठ बंद झालं, बांध फुटले, तिवरं उगवली, पक्षी आले, सातबाऱ्यावर मात्र अजून मिठागर. चिखलाला विचारलं तर तो सांगेल तो काय आहे.

म्हणून लढणाऱ्यांकडे भावनेबरोबर नोंदी हव्यात, आणि हे कोणालाही जमण्यासारखं आहे. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, साधारण पाच दिवसांनी नवीन, त्यात तळ्याचं पाणी कधी आटायला लागलं ते तारखेनिशी दिसतं. भरती-ओहोटीचं कोष्टक फोनवर असतं. त्यातून एक उधाणाचा दिवस निवडा आणि एक भांगाचा. भरतीच्या वेळेच्या तासभर आधी मोरीशी जा आणि एक सुकं पान पाण्यात टाका. पान आत जातंय, बाहेर येतंय की तिथेच गिरक्या घेतंय ते बघा आणि वेळेसकट व्हिडिओ काढा, दोन्ही दिवशी, त्याच जागी उभं राहून. उधाणाला पान हलतं आणि भांगाला हलत नाही असं दिसलं तर उंबरा वर आलाय, आणि तक्रार अर्जात "तळं वाचवा" ऐवजी "मोरीतला गाळ अमुक फूट काढा" असं लिहिता येतं. गाळ किती तेही काठीने मोजता येतं, फक्त ओहोटीलाच उतरा आणि एकट्याने उतरू नका, चिखल पाय सोडत नाही.