करार एकाचा, बिऱ्हाड दोघांचे: परदेशी खेळणाऱ्यांच्या जोडीदारांची पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियातील कसोटी मालिका ३-१ अशी गमावून भारतीय संघ मायदेशी परतला, आणि त्यानंतर लगेचच, जानेवारी २०२५ मध्ये, भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने खेळाडूंसाठी दहा कलमी नियमावली काढली. तिच्यातील एका कलमानुसार पंचेचाळीस दिवसांहून लांब चालणाऱ्या परदेश दौऱ्यात खेळाडूच्या जोडीदाराला आणि अठरा वर्षांखालील मुलांना जास्तीत जास्त दोन आठवडे सोबत राहता येते. त्या काळातील राहण्याचा खर्च मंडळ उचलते, बाकीचा खेळाडूने सोसायचा असतो. या कलमावर पुष्कळ चर्चा झाली, परंतु ती शिस्त, एकाग्रता आणि खेळाडूचा एकटेपणा या तीन मुद्द्यांभोवतीच फिरत राहिली. ज्या व्यक्तीच्या मुक्कामाचे दिवस असे मोजून दिले गेले, तिच्या बाजूने हा इतिहास फारसा सांगितला जात नाही. तो सांगायचा, तर सुरुवात लँकेशायरच्या गिरणगावांपासून करावी लागते.

इंग्लंडच्या उत्तरेकडील नेल्सन, कोल्न, बर्नली, हॅसलिंग्डन, रिश्टन ही सारी कापडगिरण्यांची गावे. तेथील क्लबांची लँकेशायर लीग १८९२ मध्ये सुरू झाली. संघातील दहा जण गावचेच, म्हणजे आठवडाभर गिरणीत किंवा दुकानात राबून शनिवारी दुपारी मैदानावर उतरणारे. अकरावा मात्र पगारी, ज्याला तेथे नुसते ‘प्रो’ म्हणत. त्याने अर्धशतक केले की प्रेक्षकांमधून डबा फिरे आणि त्यात पडलेली नाणी त्याच्या हातात येत. दौऱ्यावरच्या खेळाडूला संघ असतो, व्यवस्थापक असतो, हॉटेल असते. प्रोच्या वाट्याला यातले काहीच येत नसे. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत त्याला त्याच लहानशा गावात राहायचे, त्याच वाण्याकडे जायचे, आणि शनिवारी भोपळा फोडता आला नाही तर सोमवारी त्याच रस्त्याने चालायचे असे. म्हणून त्याला घर लागे, आणि ते सांभाळणारे माणूसही लागे. माझ्या समजुतीप्रमाणे खेळाडूच्या जोडीदाराचे परदेशातील रोजचे जगणे, आज आपण ते ज्या अर्थाने बोलतो त्या अर्थाने, येथूनच सुरू होते.

त्रिनिदादचे लिअरी कॉन्स्टंटाइन १९२९ मध्ये नेल्सनला प्रो म्हणून आले. हंगामाला सुमारे ५०० पौंड आणि वर बक्षिसी असा करार होता, आणि तो अर्थातच एकट्या लिअरींच्या नावावर होता. पत्नी नॉर्मा यांच्यासह ते राहू लागले, तेव्हा गावातील बहुतेकांनी काळ्या वर्णाचे माणूस जवळून पाहिलेले नव्हते. लोक खिडकीतून आत डोकावत, रस्त्यात वळून वळून पाहत, आणि हा रंग साबणाने जातो का, असे शाळकरी पोरे विचारत. लिअरींना शनिवारी मैदान तरी होते. चौकार मारला की तीच माणसे टाळ्या वाजवत. नॉर्मांना बाजारहाट करताना, दारात दूध घेताना, शेजारणीशी पहिला शब्द बोलताना याच नजरांना तोंड द्यायचे होते, आणि त्या कामाला टाळ्या नव्हत्या. पहिल्या हंगामाचा अनुभव पाहून परत जावे, असे लिअरींच्या मनात येऊ लागले होते. करार पुरा करायचा, हा आग्रह नॉर्मांचा होता. तो त्यांनी धरला नसता तर पुढचे काहीच घडले नसते: नऊ हंगामांत सात वेळा विजेतेपद मिळवणारा नेल्सनचा संघ नाही, आणि मेरेडिथ स्ट्रीटवरचे ते घरही नाही. याच घरी १९३२ मध्ये त्रिनिदादहून आलेले लेखक सी. एल. आर. जेम्स बरेच दिवस मुक्कामाला होते, आणि वेस्ट इंडीजच्या स्वराज्याबद्दलचा त्यांचा व लिअरींचा विचारविनिमय तेथेच झाला. त्या चर्चांच्या नोंदी आहेत. त्या चालू असताना घर कोणी चालवले, याची नोंद शोधावी लागते.

याच कुटुंबाची दुसरी एक हकीकत कायद्याच्या इतिहासात गेली. १९४३ च्या जुलैअखेर लॉर्ड्‌सवरील सामन्यासाठी लिअरी, नॉर्मा आणि मुलगी ग्लोरिया लंडनच्या रसेल स्क्वेअरमधील इम्पीरियल हॉटेलात पोहोचले. चार रात्रींची खोली आधीच राखून ठेवलेली होती, आणि वर्णाची अडचण नाही ना, हेही विचारून घेतलेले होते. तरीही दारात त्यांना सांगण्यात आले की एकच रात्र राहता येईल, कारण अमेरिकी पाहुण्यांना ते खपणार नाही. कुटुंबाला दुसऱ्या हॉटेलात जावे लागले. न्यायमूर्ती बर्केट यांनी १९४४ मध्ये लिअरींच्या बाजूने निकाल दिला आणि पाच गिनींची नाममात्र भरपाई मंजूर केली. खटल्याचे नाव ‘कॉन्स्टंटाइन विरुद्ध इम्पीरियल हॉटेल्स’ असे आहे, त्यामुळे वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक माणूस उभा राहतो. त्या दिवाणखान्यात सामानासह तिघे उभे होते, आणि त्यांपैकी एक शाळकरी मुलगी होती.

भारतीय खेळाडूही याच वाटेने गेले. १९३० च्या दशकाच्या मध्यात अमरसिंग कोल्नकडून खेळू लागले, १९३८ मध्ये लाला अमरनाथ नेल्सनला होते, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर सांगलीचे विजय हजारे रॉटनस्टॉलला, सोलापुरात जन्मलेले पॉली उम्रीगर चर्चला, मुंबईचे सुभाष गुप्ते रिश्टनला व विनू मंकड हॅसलिंग्डनला खेळले. यामागचे कारण सरळ होते. देशासाठी खेळून तेव्हा घर चालत नसे, लीगच्या हंगामावर ते चालू शके. १९५२ मध्ये संघातील जागेची हमी मंडळाने दिली नाही, म्हणून मंकडांनी हॅसलिंग्डनचा करार केला, आणि मग त्या क्लबाकडून त्यांना मागून घेऊन लॉर्ड्‌सवर खेळवावे लागले; त्या कसोटीत त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या. या हकीकती आपल्याकडे आवडीने सांगितल्या जातात. तो इंग्लंड मात्र शिधापत्रिकेचा होता. साखर, लोणी, मांस मोजून मिळे, प्रत्येक घराचे नाव ठरावीक दुकानात नोंदलेले असे, आणि मांसावरचे शेवटचे निर्बंध १९५४ च्या जुलैत उठले. अशा गावात बिऱ्हाड थाटायचे, की बोटीचे भाडे वाचवून पत्नीने मुलांसह भारतातच राहायचे, हा हिशेब प्रत्येक घराला मांडावा लागे.

गुप्त्यांच्या बाबतीत हा प्रवास उलटा झाला, आणि म्हणून त्यांचे उदाहरण मला विशेष महत्त्वाचे वाटते. १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात त्यांनी पाच कसोटींत २७ बळी घेतले, आणि त्याच दौऱ्यात त्रिनिदादमध्ये त्यांची कॅरॉल यांच्याशी ओळख झाली. पुढे लग्न झाले. १९६१ च्या डिसेंबरातील दिल्ली कसोटीनंतर त्यांचे कसोटी क्रिकेट संपले, आणि मुंबईचा हा लेगस्पिनर पत्नीच्या देशी राहायला गेला तो कायमचाच. २००२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे त्यांचे निधन झाले. खेळापायी जोडीदाराने देश सोडल्याची उदाहरणे असंख्य आहेत. खेळ सुटल्यावर खेळाडूने जोडीदाराचा देश आपला मानल्याचे इतके ठळक उदाहरण मराठी माणसाच्या आठवणीत दुसरे नसेल.

दौऱ्यांचा इतिहास याहून कोरडा आहे, कारण तेथे प्रश्न राहण्याचा नसून परवानगीचा होता. १९३४ च्या इंग्लंड दौऱ्याच्या शेवटी डॉन ब्रॅडमन आंत्रपुच्छाच्या विकाराने मरणाच्या दारात होते. पत्नी जेसी ऑस्ट्रेलियाहून निघाल्या. प्रवास आठवड्यांचा, आणि वाटेतच पती गेल्याची अफवा त्यांच्या कानी आली. ती खोटी असल्याचे दूरध्वनीवरून कळले. एवढे होऊनही १९३८ च्या दौऱ्यानंतर जेसींना इंग्लंडला येऊ द्यावे ही विनंती ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने आधी फेटाळली, आणि सहकारी पाठीशी उभे राहिल्यावरच मान्य केली. १९५८-५९ मध्ये इंग्लंडचा कर्णधार पीटर मे याची वाग्दत्त वधू व्हर्जिनिया गिलिगन ऑस्ट्रेलियात आली होती. मालिका ४-० अशी गेली आणि वृत्तपत्रांनी तिच्या उपस्थितीवर बोट ठेवले. २०१५ च्या विश्वचषकात सिडनीच्या उपांत्य सामन्यात विराट कोहली लवकर बाद झाला, तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या अनुष्का शर्माबद्दल समाजमाध्यमांवर जे लिहिले गेले, ते याच परंपरेतले होते. सोबत असले तर दोष येतो, आणि नसले तर घरचे प्रसंग एकटीने निभावावे लागतात: १९७६ च्या फेब्रुवारीत रोहनचा जन्म झाला, तेव्हा सुनील गावस्कर न्यूझीलंड व वेस्ट इंडीजच्या लागोपाठच्या दौऱ्यांवर होते.

आज प्रवास एका दिवसाचा झाला असला, तरी कागदपत्रांत जोडीदाराचे स्थान दुय्यमच राहिले आहे. अमेरिकेत व्यावसायिक खेळाडूच्या जोडीदाराला मिळणाऱ्या पी-४ व्हिसावर शिक्षण घेता येते, नोकरी करता येत नाही. म्हणजे मायदेशी डॉक्टर, वकील किंवा शिक्षिका असलेली व्यक्ती तेथे पोहोचताच आपल्या कामापुरती थांबते, आणि खेळाडूची बदली दुसऱ्या शहरातील क्लबात झाली की शाळा, घर, दवाखाना, ओळखीपाळखी हे सारे पुन्हा पहिल्यापासून मांडते. ब्रिटनमध्ये खेळाडूच्या जोडीदाराला कामाची मुभा आहे, आणि हा फरक रोजच्या जगण्यात फार मोठा ठरतो.

सोबतीच्या माणसाचा खरा उल्लेख करारात आला तो महिला खेळाडूंमुळे. ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळाने २०१९ मध्ये पालकत्वाचे धोरण जाहीर केले, आणि मूल चार वर्षांचे होईपर्यंत खेळाडूसोबत मूल व त्याला सांभाळणारी व्यक्ती या दोघांच्या प्रवासाचा व निवासाचा अर्धा खर्च उचलण्याचे मान्य केले. पाकिस्तानच्या मंडळानेही २०२१ मध्ये असेच धोरण आणले. त्याचा लाभ घेऊन कर्णधार बिस्माह मारूफ २०२२ च्या विश्वचषकासाठी तान्ह्या फातिमाला घेऊन न्यूझीलंडला गेली, आणि बाळाला सांभाळायला सोबत तिची आई होती. ६ मार्च रोजी माउंट माउंगानुई येथे भारताने पाकिस्तानला हरवले. सामना संपल्यावर भारतीय खेळाडू त्या बाळाभोवती जमल्या, आणि ती छायाचित्रे जगभर पाहिली गेली.