सवय शरीराला होते. दाद देत नाही तो जंतू

नोव्हेंबरात 18 ते 24 तारखेला अँटिबायोटिकबद्दलच्या जागृतीचा जागतिक आठवडा असतो. त्याआधी पंधरा दिवस आमच्याकडची फार्मसीची पोरं तीन-तीन मिनिटांचे व्हिडिओ करतात आणि ते तपासायचं काम माझ्या गळ्यात पडतं. विषय ठरलेला आणि एक वाक्यही ठरलेलं. मागं उदास बासरी वाजत असते, पडद्यावर हिरवे दातवाले जंतू नाचत असतात आणि निवेदिका सांगते, "वारंवार अँटिबायोटिक घेतल्याने आपल्या शरीराला त्याची सवय होते आणि मग ते लागू पडत नाही."

दातांचं मी एक वेळ सोडून देईन. जंतूंना दात नसतात, डोळे नसतात, भुवया तर नसतातच, पण चित्रात काहीतरी काढायला हवं हे मला कळतं. हे वाक्य मात्र मी सोडत नाही. कारण ते चुकलं की पुढचा सगळा व्हिडिओ चुकतो, आणि बघणारा माणूस आधी नव्हती ती एक चुकीची समजूत बरोबर घेऊन जातो.

गोंधळ दोन गोष्टींचा आहे. एक टॉलरन्स, म्हणजे औषध अंगवळणी पडणं, आपल्या भाषेत सवय. दुसरी रेझिस्टन्स, म्हणजे जंतूनं औषधाला दाद न देणं. वर्गात विचारलं तर उत्तर येतं, "सर, तेच की ओ. दोन्हीत गोळी लागू पडत नाही."

सवय म्हणजे काय हे सोलापुरात कुणाला शिकवायला नको. पहिल्यांदा तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली तेव्हा गरगरलं, मळमळलं. आता पुडी संपते तरी काही होत नाही. तंबाखू तीच, निकोटिन तेच, माणूस बदलला. पेशींवर औषध जिथं जाऊन बसतं त्या जागा मंद होतात किंवा कमी होतात, काही औषधांच्या बाबतीत यकृत ती जास्त वेगानं फोडून टाकायला लागतं. पुस्तकातलं एक उदाहरण मला फार आवडतं: नायट्रोग्लिसरीन हाताळणाऱ्या स्फोटकांच्या कारखान्यातल्या कामगारांचं डोकं सोमवारी ठणकायचं, आठवडा पुढं सरकेल तसं थांबायचं, आणि सुट्टी संपवून आले की पुन्हा सोमवारी ठणकायचं. दोन दिवसांत सवय मोडायची. नायट्रोग्लिसरीन हे नायट्रेटच, म्हणूनच छातीच्या दुखण्यासाठी लावायची नायट्रेटची पट्टी रात्री 10-12 तास काढून ठेवायला सांगतात. चोंदलेलं नाक मोकळं करणारे थेंबही तसेच. पाच-सात दिवसांपुढं गेलात की थेंबांनीच नाक चोंदायला लागतं.

सवयीबद्दल एकच गोष्ट व्हिडिओत हमखास राहून जाते आणि ती जिवावरची आहे: सवय उतरते. अफूवर्गातलं व्यसन सोडून महिनाभर बाहेर राहिलेला माणूस परत वळला आणि त्यानं जुन्याच मापानं घेतलं, तर ते माप आता त्याला झेपत नाही. श्वास थांबतो. व्यसनावर व्हिडिओ करणाऱ्यांनी सुया आणि कवट्या दाखवण्यापेक्षा हे एक वाक्य घातलं तर मी पैकीच्या पैकी गुण देईन.

सवयीचं एवढं पुरे.

रेझिस्टन्समध्ये माणसाचं शरीर होतं तिथंच आणि होतं तसंच असतं. बदललेली असते जंतूंची वस्ती. तुमच्या यकृताला, मेंदूला, रक्ताला अँटिबायोटिकची कसलीही सवय झालेली नसते. गोळी पोटात विरघळते, रक्तात उतरते, जंतूपर्यंत पोचते. तिथं पोचल्यावर जंतू तिला दाद देत नाही. एखाद्याकडं औषध फोडणारं एन्झाइम असतं, एखादा आत आलेलं औषध पंपानं बाहेर फेकतो, एखाद्याच्या ज्या भागाला औषध चिकटायचं त्या भागाचा आकारच वेगळा असतो.

यावर हुशार पोरं म्हणतात, "मग सर, सवय शरीराऐवजी जंतूला झाली म्हणू." नाही. खरी ठेच इथंच लागते. एकेका जंतूला काही सवय होत नाही. तो शिकत नाही, सरावत नाही, हुशारही होत नाही. ज्वारी चाळताना काय होतं ते आठवा. चाळणीवर मोठे दाणे राहतात, बारीक खाली पडतात. चाळणीला बघून कुठला दाणा फुगत नाही. मोठे दाणे पोत्यात आधीपासूनच होते. आता वर राहिलेलंच बियाण्याला ठेवलं, पुढच्या साली परत चाळलं, परत तेच पेरलं, तर रानात काय उगवेल? अँटिबायोटिक ही चाळणी आहे. फरक एवढाच की आपल्याकडं ज्वारीचा हंगाम वर्षातून एकदा येतो आणि जंतूंच्या कित्येक पिढ्या एका दिवसात होतात.

"आधीपासून होते" हे कशावरून? पेनिसिलीन फोडणारं एन्झाइम एब्राहम आणि चेन यांनी 1940 साली जंतूत दाखवून दिलं, म्हणजे पेनिसिलीन लोकांपर्यंत पोचायच्याही आधी. आणि 1952 सालचा लेडरबर्ग दांपत्याचा प्रयोग तर चादरींच्या गावात कापडामुळंच समजावा असा आहे. जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग यांनी एका बशीत जंतूंचे ठिपके वाढवले. ठोकळ्यावर ताणून बसवलेली मखमल त्या बशीवर हलकेच टेकवली. मखमलीच्या लवेवर प्रत्येक ठिपक्यातले थोडे जंतू चिकटले. तीच मखमल दुसऱ्या बशीवर टेकवली, आणि त्या बशीत स्ट्रेप्टोमायसीन होतं. छाप्याचं कापड छापावं तसा पहिल्या बशीचा नकाशा दुसरीत उतरला, फक्त तिथं तुरळक जागीच जंतू वाढले. मग ते परत पहिल्या बशीकडं आले, जिला स्ट्रेप्टोमायसीनचा स्पर्शही नव्हता, आणि नेमक्या त्याच जागेवरचे जंतू उचलले. असं पुन्हा पुन्हा करत त्यांनी औषधाला दाद न देणारी जात वेगळी काढली. त्या जंतूंनी किंवा त्यांच्या पूर्वजांनी ते औषध कधी पाहिलंच नव्हतं. मग सवय कुणाची आणि कशी होणार?

तीन मिनिटांत दाखवायचं तर हे दाखवा. दोन थाळ्या आणि मखमलीचा तुकडा, खर्च शंभर रुपयांच्या आत. राक्षस नकोत.

आता हिशेब. क्षयरोगाच्या एका पोकळीत ढोबळमानानं 10 कोटी जंतू असतात. क्षयावरची दोन मुख्य औषधं घ्या: आयसोनियाझिडला दाद न देणारा साधारण 10 लाखांत 1 निघतो, रिफाम्पिसिनला न देणारा 10 कोटींत 1. म्हणजे उपचाराच्या पहिल्या दिवशीच आयसोनियाझिडला न जुमानणारे शंभरेक तिथं बसलेले असतात. एकच औषध दिलंत तर बाकीचे मरतील आणि हे शंभर मोकळ्या रानात वाढतील. 1948 साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसीनच्या ब्रिटिश चाचणीत हेच झालं: रुग्ण आधी सुधारले आणि मग बऱ्याच जणांच्या जंतूंनी दाद देणं थांबवलं. म्हणून आज पहिले 2 महिने चार औषधं आणि पुढचे 4 महिने तीन. आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन दोन्हींना एकाच वेळी न जुमानणारा जंतू त्या पोकळीत सापडणं जवळपास अशक्य. चार गोळ्या "जास्त पॉवर"साठी दिल्या जातात असं सांगणारा व्हिडिओही यंदा आला होता. मी तो दोनदा पाहिला, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही.

"सवय" म्हटल्यानं नुकसान काय होतं ते बघा. सवय ही ज्याची त्याची असते. माझ्या तंबाखूमुळं शेजाऱ्याला गरगरायचं थांबत नाही. त्यामुळं व्हिडिओ बघणारा सरळ अर्थ काढतो: मी अँटिबायोटिक घेतच नाही, मला काय भीती? पण दाद न देणारा जंतू खोकल्यातून, हातांवरून, पाण्यातून माणसामाणसांत फिरतो. आयुष्यात क्षयाची एकही गोळी न घेतलेल्याला पहिलीच लागण आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन दोन्हींना न जुमानणाऱ्या जंतूची होऊ शकते. घरचे विचारतात, "ह्यानं तर कधी औषध घेतलंच नाही, मग सवय कशी झाली?" प्रश्न रास्त आहे. चूक "सवय" शब्द शिकवणाऱ्याची आहे. वर जंतू आपल्या बचावाची जनुकं दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देतात. जपानमध्ये 1950 च्या दशकात आमांशाच्या जंतूंवर काम करताना हे उलगडलं.

दुसरं नुकसान गॅपचं. सवय मोडायला गॅप द्यायचा असतो हे लोकांना अनुभवानं माहीत आहे. मग ते अँटिबायोटिकलाही गॅप देतात. शिकत असताना मी अशोक चौकाकडं एका मेडिकलमध्ये संध्याकाळी बसायचो. लूमवरचा माणूस पट्टी नाचवत यायचा: "ही दोन दिस घेतली, मग सोडली, सवय लागंल म्हणून. आता परत द्या, जरा मोठी." गॅप आणि मोठा डोस, दोन्ही उपाय सवयीचे. नायट्रेटला जे तारतं तेच क्षयाच्या उपचाराला मारतं. आणि जंतूकडं औषध फोडणारं एन्झाइम असलं तर नुसता डोस वाढवून बहुतेक वेळा भागत नाही, औषध बदलावं लागतं.

मेडिकलमध्ये येणाऱ्या तक्रारींतल्या पुष्कळशा तर या दोन्हींत बसत नाहीत. "मावशी, कशासाठी घेतली होती?" विचारलं की कळायचं, सर्दीसाठी. सर्दी व्हायरसची. ॲझिथ्रोमायसीनची तीन गोळ्यांची पट्टी मागच्या खेपेला "लागू पडली", कारण सर्दी तशीही जायलाच निघाली होती. या खेपेला ती रेंगाळली एवढंच. साखरेची गोळी काही वर्षांनी पुरेनाशी होते, त्यालाही लोक सवय म्हणतात. तिथं बहुधा स्वादुपिंडाची इन्सुलिन करायची ताकद घटलेली असते. आणि बीपीची गोळी रोज घ्यावी लागते म्हणून ती व्यसन होत नाही, जसा चष्मा व्यसन होत नाही.

शब्दांबद्दल माझा हट्ट आहे. रेझिस्टन्सला "प्रतिकार" म्हणू नका. यंदा एका पोरानं लिहिलं, "अँटिबायोटिकच्या अतिवापराने प्रतिकारशक्ती वाढते." त्याला म्हणायचं होतं जंतूंची, आणि ऐकणारी आजी समजणार स्वतःची, ती नातवाला अजून एक गोळी देईल. "प्रतिरोध" परीक्षेत चालेल, घरात कुणी बोलत नाही. वर्तमानपत्रं मात्र कित्येक वर्षं "औषधांना दाद न देणारा क्षयरोग" असं छापतात. हे मला सगळ्यांत बिनचूक वाटतं. दाद कोण देत नाही? जंतू. वाक्याचा कर्ताच चूक होऊ देत नाही.

सूक्ष्मजीवशास्त्राची पोरं इथं हात वर करतील, की "टॉलरन्स" जंतूंमध्येही असतो. असतो. 1944 साली जोसेफ बिगर यांना पेनिसिलीनमधूनही तग धरून राहिलेले मूठभर जंतू दिसले, त्यांना त्यांनी "पर्सिस्टर" नाव दिलं. त्यांची पुढची पिढी परत पेनिसिलीननं मरायची, म्हणजे ते रेझिस्टंट नव्हते. मुद्दा खरा आहे, पण तीन मिनिटांच्या व्हिडिओत तो घालणाऱ्याचे मी गुण कापतो.

परवा एका मुलीला वाक्य बदलून आणायला सांगितलं होतं. काल तिनं व्हिडिओ परत पाठवला. बासरी काढलीय. चाळिसाव्या सेकंदाला तिच्या आईच्या हातातली चाळण दिसते, ज्वारी घोळल्याचा आवाज येतो आणि ती म्हणते, "शरीर तेच आहे. जे जंतू औषधाला दाद देत नव्हते ते मागं उरले, आणि तेच वाढले." दात मात्र तिनं तसेच ठेवलेत.