नाव त्यांचं, तोंड आपलं

एच. जी. वेल्सच्या १८९८ सालच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या कादंबरीत मंगळावरून आलेला जीव पहिल्यांदा दिसतो, तेव्हा निवेदक त्याच्या तोंडाचं वर्णन करतो. डोळ्यांखाली एक फट, तिची कड थरथरणारी, लाळ गाळणारी आणि बिनओठांची. हा तपशील वेल्सने अंगावर काटा यावा म्हणून घातला. पण त्याचा एक परिणाम असा की या जीवांना आपण दिलेलं नावच त्यांना घेता येणार नाही. 'मार्शियन' म्हणा नाहीतर 'मंगळवासी', दोन्हींची सुरुवात 'म'ने होते आणि 'म' ओठ मिटल्याशिवाय निघत नाही.

आपल्याला हे चटकन कळतं, कारण आपली वर्णमालाच तोंडाच्या नकाशावर बेतलेली आहे. कंठापासून निघून टाळू, मूर्धा, दात असं करत शेवटी ओठांपाशी 'प फ ब भ म'. ओठ काढून टाकले की हा अख्खा वर्ग गेला. बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणाऱ्यांची खरी कसोटी याच अक्षरांशी लागते, कारण त्यांना ओठ न हलवता बोलायचं असतं. वेल्सने मात्र पुढचा विचार केलेला दिसतो. त्याचे मंगळवासी बोलतच नाहीत. ते घुमल्यासारखा एकसुरी आवाज काढतात, पण निवेदकाच्या मते ती भाषा नव्हे, ते विचारांची देवाणघेवाण थेट करतात. नाव कसं घेणार, हा प्रश्नच त्याने उडवून लावला.

गंमत म्हणजे त्याच्याही पावणेदोनशे वर्षं आधी जोनाथन स्विफ्टने हा प्रश्न उलट्या बाजूने आणि माझ्या मते जास्त प्रामाणिकपणे सोडवला होता. 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' (१७२६) मधले शहाणे घोडे परग्रहावरचे नाहीत, पण विज्ञानकथांमधल्या परग्रहवासीयांचे पूर्वज नक्कीच आहेत. ते नाकातून आणि घशातून बोलतात असं गलिव्हर सांगतो. त्यांच्या जमातीचं नाव, 'ह्विनम' असं काहीसं, थेट खिंकाळण्यातून आलेलं आहे. इंग्रजीत त्याचं स्पेलिंग वाचताना जीभ अडखळते आणि ती अडखळावी हाच हेतू आहे. नाव त्यांच्या तोंडाचं, कसरत माणसाने करायची.

पुढच्या लेखकांनी हा धडा गिरवला नाही. व्होल्तेरने १७५२ मध्ये लुब्धक ताऱ्याहून आलेला महाकाय पाहुणा रंगवला आणि त्याला 'मिक्रोमेगास' हे नाव दिलं. लहान आणि मोठा या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडलेले. चंद्रावरचे जीव ग्रीक चंद्रदेवतेवरून 'सेलेनाइट' झाले. खगोलशास्त्राने ग्रहताऱ्यांना ग्रीक-लॅटिन नावं दिली होतीच, तीच रहिवाशांना चिकटली. पत्त्यावरून पाहुण्याचं नाव ठेवायची ही सवय आजही मोडलेली नाही. तिच्यात सोय आहे आणि काही प्रमाणात मालकी हक्काची भावनाही आहे, हे मला नाकारता येत नाही. ज्यांना आपण नाव देतो त्यांना 'तुम्ही स्वतःला काय म्हणता?' असं विचारायची गरजच वाटत नाही.

या चाकोरीबाहेर पाऊल टाकलं ते एच. पी. लव्हक्राफ्टने. १९२८ मध्ये छापलेल्या त्याच्या कथेतल्या परग्रहावरून आलेल्या अक्राळविक्राळ जीवाचं 'क्थुलू' हे नाव कसं उच्चारायचं यावर वाचकांत अजून एकमत नाही. स्वतः लव्हक्राफ्टने पत्रातून जे स्पष्टीकरण दिलं ते महत्त्वाचं आहे. हा शब्द ज्यांनी घडवला त्यांचे स्वरावयव माणसासारखे नाहीत, आणि कागदावर दिसतं ते माणसाने तो ध्वनी पकडण्याची केलेली चाचपडती धडपड आहे. म्हणजे छापलेलं नाव खरं नाव नव्हेच. अनुकरण करणाऱ्यांनी यातली कल्पना सोडून दिली आणि फक्त व्यंजनांची गर्दी उचलली. मध्येच लोंबणारे अपॉस्ट्रॉफीही पुढे त्यात आले.

पडद्यावर आणखी एक अडचण येते. नाव नटाला घेता आलं पाहिजे आणि प्रेक्षकाला एकदा ऐकून लक्षात राहिलं पाहिजे. त्यामुळे तिथली नावं बहुतेकदा आसपासच्या माणसांकडून आली. 'स्टार वॉर्स'च्या १९७७ च्या पहिल्या चित्रपटातला केसाळ च्युबाका जातीने 'वूकी'. त्याचा आवाज ध्वनिसंयोजक बेन बर्टने मुख्यतः अस्वलाच्या गुरगुरण्यातून तयार केला. त्या आवाजात 'च्युबाका'मधल्या 'च' आणि 'ब'ला जागा नाही. स्वतःचं नाव तो कधीच घेत नाही, इतरच घेतात. १९८३ च्या चित्रपटातल्या 'इवॉक' या जमातीचं नाव कॅलिफोर्नियातल्या मिवॉक या मूळनिवासी लोकांवरून घेतलं, आणि ते तर त्या चित्रपटात कुणाच्याच तोंडी येत नाही. पटकथेत आणि श्रेयनामावलीत मात्र आहे.

सगळ्यात रंजक प्रकरण 'क्लिंगॉन'चं. 'स्टार ट्रेक' मालिकेत ही लढाऊ जमात १९६७ मध्ये आली. मालिकेचा जनक जीन रॉडनबेरी पूर्वी लॉस एंजेलिसच्या पोलीस खात्यात होता, तिथल्या एका सहकाऱ्याच्या आडनावावरून हे नाव पडलं. तेव्हा त्यांना भाषा नव्हती. ते सरळ इंग्रजी बोलत. १९७९ च्या चित्रपटासाठी यानाचा अभियंता स्कॉटी याची भूमिका करणाऱ्या जेम्स डूहानने त्यांच्यासाठी काही तुटक शब्द घडवले. मग १९८४ च्या तिसऱ्या चित्रपटाच्या वेळी भाषावैज्ञानिक मार्क ओक्रांडकडे काम आलं, की या जमातीला खरीखुरी भाषा द्या.

ओक्रांडने मुद्दाम वाकडी वाट धरली. मानवी भाषांमध्ये ध्वनी साधारणपणे जोडीने येतात, 'ड' असला तर 'ट'ही असतो. त्याने मूर्धन्य 'ड' घेतला, पण त्याच जागेचा 'ट' वगळला. 'ष' ठेवला, आपला साधा 'स' ठेवला नाही. आणि 'क' काढूनच टाकला. त्याऐवजी आला उर्दूतल्या 'क़लम'सारखा, पार पडजिभेपाशी निघणारा ध्वनी. आता आली पंचाईत. सतरा वर्षं जगभर ज्यांना 'क्लिंगॉन' म्हटलं जात होतं, त्यांच्या भाषेत त्या नावाचं पहिलं अक्षरच नव्हतं.

ओक्रांडने नाव बदललं नाही. त्याने ते आपलं ऐकण्यातलं वैगुण्य ठरवलं. मूळ शब्दाचा पहिला ध्वनी असा, की जिभेचं टोक दातांमागे टेकवून ठेवायचं आणि हवा जिभेच्या दोन्ही कडांनी फुत्कारासारखी सोडायची. देवनागरीत ओढूनताणून लिहायचं तर 'त्ल्हिंगन'. इंग्रजी कानाला ते 'क्लिंगॉन' ऐकू आलं, इतकंच. हीच युक्ती उलट दिशेनेही चालली. मालिकेचा नायक कॅप्टन कर्क त्यांच्या तोंडी 'क़िर्क़' होतो. पुढच्या मालिकेतल्या 'वॉर्फ' या क्लिंगॉन पात्राच्या नावात 'फ' आहे, तो या भाषेत नाही, म्हणून त्याचं अस्सल रूप 'वो-रिव' ठरलं. १९८५ मध्ये शब्दकोश निघाला आणि मोडतोड झालेलं मानवी रूप कुठलं, मूळ कुठलं, हे वाचकाला पडताळून पाहता येऊ लागलं. लव्हक्राफ्टने पत्रात जे नुसतं सांगितलं होतं, ते इथे व्याकरणासकट सिद्ध झालं. ओक्रांडचा डॉक्टरेटचा प्रबंध मुत्सुन या कॅलिफोर्नियाच्याच मूळनिवासी भाषेवर होता, आणि मुत्सुन ही मिवॉक भाषांच्या कुळातली. 'स्टार वॉर्स'ने मिवॉक लोकांचं नाव उचललं, 'स्टार ट्रेक'ला त्यांच्या भाषाकुळाचा अभ्यासक मिळाला. त्यातलं दुसरं मला फार मोलाचं वाटतं.

'अवतार' (२००९) मध्ये पॉल फ्रॉमरने 'नावी' या परग्रही जमातीची भाषा घडवली तेव्हा ही सावधगिरी आधीपासूनच होती. जंगलातल्या नावींच्या बोलीत 'ब', 'द', 'ग' हे स्पर्शध्वनी नाहीत, म्हणून त्यांच्या जगाला माणसांनी दिलेलं 'पँडोरा' हे नाव त्यांच्या जिभेवर बसत नाही. त्या जगाला त्यांचं वेगळं नाव आहे.

अलीकडच्या लेखकांनी ही दरी बुजवायची सोडून तिच्यावरच कथा उभी केली. टेड चियांगच्या १९९८ च्या कथेतले सात पायांचे पाहुणे 'हेप्टापॉड', पुन्हा ग्रीकच. पण त्यांचं बोलणं माणसाला नक्कल करता येत नाही आणि भाषा शिकण्याचा सगळा खटाटोप तिथून सुरू होतो. चायना मिएव्हिलच्या 'एम्बसीटाउन' (२०११) मधले जीव दोन तोंडांनी एकाच वेळी बोलतात, म्हणून त्यांची नावं अपूर्णांकासारखी एकाखाली एक लिहिलेली आहेत. त्यांच्याशी बोलायला माणसांना एका मनाने बोलणाऱ्या जोड्या तयार कराव्या लागतात. आणि अँडी वियरच्या २०२१ च्या कादंबरीत एरिडॅनस तारकासमूहातून आलेला 'एरिडियन' रॉकी सुरांच्या मेळातून बोलतो. त्याला 'रॉकी'ही म्हणता येत नाही आणि 'एरिडियन'ही. त्याचा मानवी साथीदार संगणकावर त्या सुरांचं पृथक्करण करून, कुठला मेळ म्हणजे कुठला शब्द, याचा तक्ता लिहून काढतो. मग यानात दोघं आपापल्या भाषेत बोलतात आणि समोरच्याची भाषा कानाने समजून घेतात.