झ्यूस : नावाचा उच्चार आणि अर्थ

ग्रीक देवमंडळाचा अधिपती, ऑलिंपस पर्वतावर राहणारा आणि वज्र धारण करणारा आकाशदेव. मराठीत रूढ झालेले ‘झ्यूस’ हे रूप इंग्रजी उच्चारावरून आले आहे. प्राचीन ग्रीक माणूस हे नाव असे उच्चारत नसे आणि ते नेहमी एकाच रूपात वापरतही नसे. संस्कृतप्रमाणेच ग्रीकमध्येही नामे विभक्तीनुसार बदलतात व या नावाची रूपे तर इतकी बदलतात, की प्रथमेतील ‘झ्देउस’ आणि षष्ठीतील ‘दिओस’ ही एकाच देवाची नावे आहेत हे अनोळखी वाचकाच्या ध्यानातही येत नाही.

इ. स. पू. पाचव्या शतकातील अथेन्समध्ये या नावाचे आद्याक्षर, म्हणजे ‘झेटा’, बहुधा ‘झ्द’ असे जोडव्यंजनासारखे उच्चारले जाई. याचा एक बोलका पुरावा ग्रीक लेखनातच सापडतो. ‘अथेन्सकडे’ या अर्थाचा शब्द ‘अथेनास’ या द्वितीयेच्या रूपाला ‘दे’ हा प्रत्यय लागून बनतो आणि तेथे ‘स’ व ‘द’ मिळून एकच झेटा लिहिला जातो. दुसरा पुरावा छंदांचा आहे. होमरच्या काव्यात झेटापूर्वीचा लघू स्वर बहुधा गुरू मानला जातो. आपल्या वृत्तांत जोडाक्षरामुळे मागील लघू अक्षर गुरू होते, तोच हा नियम. नंतरच्या काळात या उच्चारातील ‘द’ लोपला व साधा घर्षक ध्वनी उरला. मराठीत तो ‘झरा’ किंवा ‘झाड’ यांतील दंततालव्य ‘झ’च्या जवळ जातो, ‘झेंडा’मधील तालव्य ‘झ’ येथे उपयोगाचा नाही. पुढील ‘एउ’ हा संयुक्त स्वर आहे. ‘ए’वरून ‘उ’कडे एकाच अक्षरात सरकायचे असते, त्याची दोन अक्षरे करायची नसतात. म्हणून अभिजात उच्चाराला देवनागरीत सर्वांत जवळचे लेखन ‘झ्देउस्’ असे होईल, तर पुढील काळातील उच्चारासाठी ‘झेउस्’ पुरेसे आहे.

हा ‘झ्द’ मूळचा मात्र नाही. ग्रीक, संस्कृत, लॅटिन आदी भाषांची जननी मानलेल्या आदिम इंडो-युरोपीय भाषेतील ‘द्य’ या जोडव्यंजनापासून ग्रीकमध्ये नियमाने झेटा तयार झाला. पायी चालणारा या अर्थाचा ग्रीक शब्द ‘पेझ्दोस’ हा संस्कृत ‘पद्’शी सजातीय, म्हणजे एकाच मुळापासून आलेला, असून त्यातही हाच बदल दिसतो. हा बदल उलटा फिरवला, की ‘झ्देउस’चे मूळ ‘द्येउस’ हाती येते आणि ते ऋग्वेदातील आकाशदेवाचे नाव ‘द्यौः’च होय. ही तुलना नुसत्या ध्वनिसाम्यावर उभी नाही. तिचे खरे बळ विभक्तींत आहे. ग्रीक षष्ठी ‘दिओस’ ही पूर्वीच्या ‘दिवोस’पासून आली, अ‍ॅटिक या अथेन्सच्या बोलीत ‘व’ नाहीसा झाल्याने ती संस्कृत ‘दिवः’पासून दूर गेल्यासारखी वाटते. होमरमधील जुनी द्वितीया ‘झ्देन’ ही वैदिक ‘द्याम्’ आणि लॅटिन ‘दिएम’ यांची सख्खी बहीण आहे. ग्रीसमधील पायलॉस येथील मायसीनियन (होमरपूर्व ग्रीक संस्कृतीच्या) राजवाड्यात सापडलेल्या, सुमारे इ. स. पू. 1200 मधील मातीच्या एका पाटीवर ‘दि-वे’ असे लिहिले असून त्यापुढे सोन्याचे एक पात्र व एक पुरुष अर्पण केल्याची नोंद आहे. हे ‘झ्यूसला’ या अर्थाचे चतुर्थीचे रूप असून वैदिक चतुर्थीचे रूपही ‘दिवे’ असेच आहे. मायकेल व्हेंट्रिस याने 1952 मध्ये ‘लिनिअर बी’ या मायसीनियन लिपीचा उलगडा केल्यावरच ही पाटी वाचता आली.

संबोधनातील साम्य सर्वांत विलक्षण आहे. होमरच्या इलियड महाकाव्याच्या तिसऱ्या सर्गात शपथ घेताना ग्रीकांचा सेनानी अगामेम्नॉन ‘झ्देउ पातेर’, म्हणजे ‘हे पित्या झ्यूस’, अशी हाक मारतो आणि पुढे सूर्य, नद्या व पृथ्वी यांना साक्षीला बोलावतो. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातील ‘द्यौष्पितः पृथिवि मातः’ ही हाक त्याच साच्यातली आहे. या दोन्ही भाषांत प्रथमेत उच्च स्वराघात असून संबोधनात तो बदलतो : ग्रीकमध्ये चढून उतरणारा स्वराघात येतो, तर वेदपाठात स्वरित. हजारो मैलांच्या अंतरावर स्वराघाताचा इतका बारकावा जपला गेला, याला योगायोग म्हणता येत नाही. लॅटिन ‘युपिटर’ हे नावही अशाच संबोधनातून घडले असून त्याच्या उत्तरार्धात ‘पिता’ हा शब्द आहे.

अर्थाच्या दृष्टीने या नावाचा गाभा ‘उजळलेले आकाश’ हा आहे. ‘देव’, ‘दिवस’, ‘द्युलोक’ हे मराठीतील शब्द याच कुळातले. देव या अर्थाचा ग्रीक शब्द ‘थेओस’ मात्र, दिसायला जवळचा असला तरी, वेगळ्या धातूपासून आलेला आहे आणि त्याचा ‘देव’शी संबंध जोडणे चूक आहे. ग्रीकांच्या बोलण्यात आकाश आणि देव पुरते वेगळे झालेले नव्हते. पाऊस पडतो आहे हे सांगताना ते ‘झ्यूस बरसतो आहे’ असे म्हणत. नाते एक असले तरी दोन्ही देवतांचे भाग्य एक नव्हते. ऋग्वेदात एकट्या द्यौला वाहिलेले सूक्त नाही, त्याची स्तुती बहुधा ‘द्यावापृथिवी’ या जोडीतच येते आणि वज्र इंद्राच्या हाती आहे. ग्रीसमध्ये पितृत्व, आकाश, वज्र व राजपद ही सारी एकाच देवाकडे राहिली. त्यामुळे झ्यूस म्हणजेच द्यौ असे समीकरण नावापुरते खरे आहे, देवाच्या चरित्रापुरते नाही.

ग्रीकांनीही या नावाचा अर्थ शोधला होता. प्लेटोच्या ‘क्रॅटिलस’ संवादात सॉक्रेटीस म्हणतो, की द्वितीयेत या देवाला काही लोक ‘झ्देना’ व काही ‘दिआ’ म्हणतात. हे दोन भाग जोडले, की ‘ज्याच्यामुळे जगणे घडते तो’ असा अर्थ होतो. भाषाशास्त्राला ही व्युत्पत्ती मान्य नाही, कारण ‘जगणे’ या अर्थाचा ग्रीक धातू संस्कृत ‘जीव्’चा सजातीय आहे. तरीही नाव दोन रूपांत विभागले आहे हे त्या संवादाने अचूक टिपले आहे. आधुनिक ग्रीकमध्ये प्रथमेचे जुने रूप मागे पडून द्वितीयेवरून बनलेले ‘दीआस’ हे नाव चालते. त्यातील ‘द’ मृदू व घर्षक असतो. गुरू ग्रहालाही तेथे हेच नाव आहे.

ही दोन रूपे ओळखता आली, की अनेक व्यक्तिनामे उलगडतात. झ्यूसचे पुत्र ते ‘दिओस्कुरोइ’, म्हणजे कॅस्टर व पॉलिड्यूसिस ही जुळी भावंडे. झ्यूसपासून जन्मलेला तो ‘दिओगेनेस’, ज्याला मराठीत इंग्रजी वळणाने डायोजिनीस लिहिण्याची प्रथा पडली. आणि ‘झ्देन’ या शब्दांगावरून आलेले नाव ते झीनो. सामान्य लेखनात रूढ ‘झ्यूस’ बदलण्याचे कारण नाही. मात्र ग्रीक अवतरणे किंवा व्युत्पत्ती देताना ‘झ्देउस्, दिओस’ अशी प्रथमा व षष्ठी सोबत लिहिणे इष्ट आहे.