रॅम (अल्बम): समीक्षकांनी काय म्हटलं

‘रॅम’ हा पॉल मॅकार्टनी आणि त्याची बायको लिंडा या दोघांच्या नावाने मे १९७१ मध्ये आलेला अल्बम. पॉलचा बँड बीटल्स फुटून जेमतेम वर्ष झालेलं, खापर बऱ्याच जणांनी पॉलच्याच डोक्यावर फोडलेलं, त्यामुळे रेकॉर्ड नीट ऐकायच्या आधीच निकाल लागल्यासारखा होता. रोलिंग स्टोन मासिकात जॉन लँडाऊने तर साठच्या दशकातलं रॉक घसरत घसरत जिथे पोचलंय त्याचा हा तळ, अशा अर्थाचं लिहिलं. बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टारही म्हणाला की यात एकही चाल नाही, आणि हे वाचून खरंच वाईट वाटतं, कारण या अल्बममध्ये बाकी काही असो नसो, चाली ठासून भरल्यात.

बीटल्समधला पॉलचा जोडीदार जॉन लेनन, त्याचं दुखणं वेगळं होतं. रॅमवरच्या ‘टू मेनी पीपल’ गाण्यातले टोमणे त्याला बरोबर लागले आणि त्याच वर्षी आपल्या ‘इमॅजिन’ अल्बमवर त्याने ‘हाऊ डू यू स्लीप?’ हे गाणं म्हणून उट्टं काढलं, वर रॅमच्या कव्हरवर पॉलने मेंढ्याची शिंगं धरलीत म्हणून लेननने डुकराचे कान धरून फोटो काढला.

टीकाकारांचा खरा आक्षेप घरगुतीपणावर होता. लेननचा आधीचा अल्बम म्हणजे उघडी जखम, आणि इथे हा माणूस गावाकडचं घर, बायको, युकुलेले (छोट्या गिटारसारखं वाद्य) यातच रमलेला, त्यांना ते पोकळ वाटलं. पण ‘अंकल अल्बर्ट/ॲडमिरल हॅल्सी’ कान देऊन ऐका: पावसाचा आणि गडगडाटाचा आवाज, मध्येच फोनवर बोलल्यासारखं नाकातलं बोलणं, मग फ्लुगलहॉर्न (ट्रम्पेटसारखं वाद्य), आणि अचानक सगळे मिळून गाऊ लागतात, तीन-चार अर्धवट गाणी शिवून एक केलंय पण टाका कुठे दिसत नाही. हे गाणं अमेरिकेत नंबर १ झालं, अरेंजमेंटला ग्रॅमी मिळालं, आणि अल्बम ब्रिटनमध्ये पहिला, अमेरिकेत दुसरा आला. लोकांनी समीक्षकांचं ऐकलंच नाही.

मत बदलायला मात्र कितीतरी वर्षं गेली. २०१२ मध्ये नव्याने काढला तेव्हा पिचफोर्क या संगीतविषयक वेबसाइटने १० पैकी ९.२ दिले, इंडी पॉपचं (मोठ्या कंपन्यांबाहेरच्या स्वतंत्र पॉपचं) मूळ इथे आहे असंही लोक म्हणू लागले, आणि २०२० मध्ये रोलिंग स्टोननेच आपल्या ५०० सर्वोत्तम अल्बमच्या यादीत त्याला घेतलं. लिंडाच्या ज्या कच्च्या आवाजाला तेव्हा नाकं मुरडली, तो पॉलच्या आवाजाला चिकटून येतो तेव्हा दोघं स्वयंपाकघरात गातायत असं वाटतं, आणि आताचे चाहते रॅम लावतात ते बरंचसं त्यासाठीच.