सेझेन अक्सूच्या गाण्यामागचा आर्मेनियन सूर

१९९५ साली तुर्कस्तानात सेझेन अक्सूचा एक अल्बम आला, 'इशिक दोउदान युक्सेलिर'. म्हणजे 'उजेड पूर्वेकडून वर येतो'. सेझेन तेव्हा चाळिशीत होती. पहिली रेकॉर्ड येऊन वीस वर्षं झाली होती आणि देशभर लोक तिला लाडाने 'मिनिक सेर्चे', चिमुकली चिमणी, म्हणत होते. प्रेमभंगाची गाणी लिहिणाऱ्या आणि गाणाऱ्या या चिमणीने त्या अल्बममध्ये वेगळीच वाट धरली. एका गाण्यात मौलाना रूमीचे शब्द, दुसऱ्यात अलेवी या मुसलमान पंथातल्या शाहिराची रचना, तिसऱ्यात बाल्कनकडून आलेली रुमेलीची धून, आणि या सगळ्याला धरून ठेवणारा पाश्चात्त्य वाद्यमेळ. ही बांधणी करणाऱ्यांतला मुख्य माणूस होता ओन्नो तुंच. इस्तंबूलचा आर्मेनियन.

अशा संगीतावर 'वर्ल्ड म्युझिक' असा शिक्का चटकन मारला जातो. मला तो इथे फार तोकडा वाटतो. लंडनच्या एखाद्या स्टुडिओत दूरदेशीचे वादक बोलावून घ्यावेत, तसा हा प्रकार नव्हता. तुर्की गळा आणि आर्मेनियन संगीतकार एकत्र येणं ही इस्तंबूलमध्ये दोनशे वर्षांची जुनी रीत आहे. मध्यंतरी ती तुटली, खरं तर तोडली गेली. सेझेन आणि ओन्नोच्या जोडीचं मोल कळायचं असेल, तर त्या शहरात थोडं मागे जावं लागतं.

१७६८ साली इस्तंबूलमध्ये हाम्पार्त्सुम लिमोंजियान जन्मला. आर्मेनियन चर्चच्या गायनात वाढलेला हा माणूस रूमीला मानणाऱ्या मेवलेवी सूफी दर्विशांच्या मठातही जाऊन बसायचा आणि तिथलं संगीत शिकायचा. ऑटोमन संगीत तेव्हा गुरुमुखातूनच शिकलं जाई. उस्ताद गेला की त्याच्याबरोबर शेकडो चिजा जायच्या. १८१३ च्या सुमारास हाम्पार्त्सुमने स्वरलिपी तयार केली. सात स्वरांना सात खुणा, त्यांना चर्चमधल्या जुन्या आर्मेनियन स्वरचिन्हांचा आधार, आणि स्वर किती लांबवायचा हे सांगायला वर बारीक ठिपके. भातखंड्यांच्या पुस्तकातली पानं डोळ्यांसमोर आणली तर हे काम काय तोलाचं होतं ते आपल्याला लगेच उमगेल. ही लिपी चर्चमध्ये वापरली गेली आणि मुसलमान उस्तादांनीही आपलीशी केली. ऑटोमन दरबारातलं आणि मठांमधलं जे जुनं संगीत आज वाजवता येतं, त्यातला मोठा भाग या आर्मेनियन लिपीच्या वह्यांमुळे वाचला आहे.

पुढच्या शंभर वर्षांत इस्तंबूलच्या संगीतात आर्मेनियन नावं जागोजागी भेटतात. व्हायोलिनवादक तात्योस एफेंदी (१८५८–१९१३) याच्या रचना तुर्की शास्त्रीय मैफलींत आजही हमखास वाजतात. बिमेन शेन चर्चमध्ये गाता गाता तुर्की 'शार्की' प्रकाराचा मोठा रचनाकार झाला. जन्मापासून आंधळा असलेला, ऊद हे तंतुवाद्य वाजवणारा उदी ह्रांत (१९०१–१९७८) पुढे अमेरिकेतही ऐकला गेला. ड्रमवाल्यांच्या तोंडी रोज असणारं 'झिल्जान' हे नावही सतराव्या शतकातल्या इस्तंबूलच्या एका आर्मेनियन कारागिराचं. 'झिल' म्हणजे झांज.

आणि मग १९१५. त्या वर्षी २४ एप्रिलच्या रात्री इस्तंबूलमधल्या आर्मेनियन लेखक, वकील, डॉक्टर, संपादकांना घरांतून उचलण्यात आलं. त्यांत कोमितास वार्दापेट होते. कुताह्या गावात १८६९ साली जन्मलेले, लहानपणीच पोरके झालेले, पुढे धर्मगुरू झालेले कोमितास. अनातोलियातल्या, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागातल्या, खेड्यापाड्यांत फिरून त्यांनी हजारो लोकगीतं उतरवून घेतली होती. त्यांत आर्मेनियन होती, कुर्दी होती, तुर्कीही होती. इस्तंबूलमध्ये त्यांनी 'गुसान' नावाचा तीनशे जणांचा गायकवृंद उभा केला होता. चानकिरीला पाठवलेल्या बहुतेकांचा पुढे ठावठिकाणा लागला नाही. कोमितास परत आले, पण मनाने उद्ध्वस्त होऊन. आयुष्याची शेवटची वीसेक वर्षं त्यांनी इस्पितळांत काढली आणि १९३५ साली पॅरिसमध्ये त्यांचा अंत झाला. ज्या खेड्यांत त्यांनी गाणी टिपली, त्यांतल्या कित्येक खेड्यांत ती गाणारं कुणी उरलं नव्हतं. १९१५ पासून ऑटोमन राजवटीत झालेल्या आर्मेनियनांच्या या नरसंहाराला तुर्कस्तानचं सरकार आजही नरसंहार म्हणत नाही.

प्रजासत्ताक आल्यावरही इस्तंबूलमधल्या आर्मेनियनांना स्वस्थता मिळाली नाही. १९३४ च्या आडनाव कायद्याच्या नियमांत 'यान'सारखे परकी समजले गेलेले प्रत्यय नव्या आडनावांना लावायला मनाई झाली. १९४२ मध्ये बिगरमुसलमानांचं कंबरडं मोडणारा संपत्ती कर आला. सप्टेंबर १९५५ मध्ये जमावाने प्रामुख्याने ग्रीकांची, पण आर्मेनियन आणि ज्यूंचीही दुकानं आणि घरं फोडली.

ओन्नो तेव्हा सहा वर्षांचा होता. पूर्ण नाव ओहान्नेस तुंचबोयाजियान, जन्म २० डिसेंबर १९४८. ते आडनाव जरा सोडवून पाहावं असं आहे. 'तुंच' म्हणजे कांसं, 'बोयाजी' म्हणजे रंगारी, हे दोन्ही शब्द तुर्की. आणि शेवटी 'यान', आर्मेनियन, अमक्याच्या घराण्यातला. या शहराचा सगळा इतिहासच त्या एका आडनावात बसला आहे. रेकॉर्डच्या वेष्टनावर मात्र नाव छापलं जाई ते फक्त 'ओन्नो तुंच'.

संगीताशी त्याची पहिली ओळख झाली आर्मेनियन चर्चच्या गायकवृंदात. एकाच वेळी चार वेगळे आवाज चार वाटांनी जातात आणि तरी एकत्र राहतात, हे त्याच्या कानांवर लहानपणीच बसलं. पुढे स्वतःच्या स्वतः शिकून तो बास गिटार वाजवायला लागला, इस्तंबूलच्या वाद्यवृंदांत शिरला, वाद्यसंयोजक झाला. धाकटा भाऊ अर्तो अकराव्या वर्षापासून त्याच्याबरोबर रेकॉर्डिंगमध्ये तालवाद्यं वाजवायला लागला होता.

इथे तुर्की पॉपची तेव्हाची अवस्था सांगायला हवी. तरुण प्रजासत्ताकाने पाश्चात्त्य संगीत हेच प्रगतीचं लक्षण मानलं होतं. १९३४ च्या अखेरीपासून दीड-दोन वर्षं रेडिओवर पारंपरिक तुर्की संगीत चक्क बंद होतं. साठच्या दशकात त्यातून 'आरांझमान' नावाचा प्रकार फोफावला. इटालियन किंवा फ्रेंच गाण्याची चाल घ्यायची आणि वर तुर्की शब्द बसवायचे. दुसरीकडे गावाकडून शहरात आलेल्या कष्टकऱ्यांना 'अराबेस्क', म्हणजे अरबी वळणाचं दर्दभरं गाणं, जवळचं वाटे, पण सरकारी रेडिओ-टीव्हीच्या दारात त्याला उभं करत नसत. म्हणजे वरचं संगीत उसनं, खालचं संगीत बहिष्कृत. मकामातले, म्हणजे तिकडच्या रागांतले, बारीक स्वर, पाव सुराचे ते चढउतार, पियानोच्या पट्ट्यांमध्ये सापडत नाहीत. ते जपायचे आणि तरी खाली पाश्चात्त्य सुरावट उभी करायची हे काम करायला दोन्हीकडचा कान लागतो. शंभर वर्षांपूर्वीच्या इस्तंबूलमध्ये असे कान आर्मेनियन वस्तीत विपुल होते. ओन्नोकडे तो कान होता.

सेझेन १९५४ साली देनिझली प्रांतात जन्मली आणि एजियन किनाऱ्याकडच्या भागात वाढली. ओन्नोबरोबरचं तिचं काम खऱ्या अर्थाने बहरलं ते १९८४ च्या 'सेन आग्लामा' या अल्बममध्ये. १९८० च्या लष्करी बंडानंतरचे ते दिवस होते. राजकारणावर बोलणं अवघड झालेल्या लोकांना ही दुःखाची गाणी आपली वाटली. दोन वर्षांनी 'गित' आला. त्यातलं 'उन्झिले' हे गाणं मला फार मोठं वाटतं. शब्द आयसेल ग्युरेलचे, चाल ओन्नोची. पोरवयातच लग्न लावून दिलेल्या खेड्यातल्या एका मुलीची ही कहाणी. गाणं एकच प्रश्न विचारतं: उन्झिलेची किंमत किती मेंढ्या? आवाज चढत नाही, छाती पिटणं नाही. बाजारात भाव विचारावा तितक्या साधेपणाने तो प्रश्न येतो, आणि म्हणूनच सोसवत नाही. चर्चच्या बाकावर शिकलेला संयम त्या चालीत मला ऐकू येतो.

१९९१ चा 'ग्युल्युम्से' ही या जोडीची सगळ्यात लोकप्रिय कामगिरी म्हणायला हरकत नाही. शीर्षकगीताचे शब्द आहेत केमाल बुर्काय या कुर्दी कवी-राजकारण्याचे, आणि तो तेव्हा स्वीडनमध्ये निर्वासिताचं जिणं जगत होता. देशाबाहेर राहावं लागलेल्या कुर्दी माणसाचे शब्द, तुर्की गायिकेचा गळा, वाद्यमेळ आर्मेनियन माणसाचा, आणि गाणं म्हणतंय 'जरा हस ना'. लग्नकार्यात, टॅक्सीत, चहाच्या टपरीवर ते वाजत राहिलं. कोण कुठल्या समाजाचा हे विचारत कुणी बसलं नाही. चार वर्षांनी आलेला पूर्वेच्या उजेडाचा तो अल्बम हे त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल होतं.

ती वाट तिथेच थांबली. १४ जानेवारी १९९६ रोजी यालोवाजवळच्या डोंगरात ओन्नोचं छोटं विमान कोसळलं. वय ४७. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये इस्तंबूलमध्ये 'आगोस' हे तुर्की आणि आर्मेनियन अशा दोन्ही भाषांतलं साप्ताहिक सुरू झालं. ह्रांत डिंक त्याचे संपादक. आर्मेनियन माणसाने आपल्याच शहरात मोठ्याने बोलायला सुरुवात करण्याचे ते दिवस होते. ओन्नोला ते पाहायला मिळाले नाहीत, याची हळहळ वाटते.

अर्तो १९८१ पासूनच अमेरिकेत होता. त्याचं वाजवणं समोर बसून पाहण्यासारखं आहे. ढोल-डफ तर आहेतच, पण रिकाम्या बाटल्यांच्या तोंडावर फुंकर मारून तो ठेका आणि सूर एकदमच काढतो. १९९६ मध्ये जॅझ वादक जो झाविनुलच्या 'माय पीपल' अल्बमवर तो वाजला. त्याच अल्बमच्या वादकांत आपला त्रिलोक गुर्टूही आहे, शोभाताई गुर्टूंचा मुलगा. भाऊ गेल्यानंतर अर्तोचं आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानला, जाणं वाढलं. १९९८ मध्ये त्याने तिथल्या तरुण वादकांना घेऊन 'आर्मेनियन नेव्ही बँड' काढला. चारी बाजूंनी जमिनीने वेढलेल्या, समुद्र नसलेल्या देशाचं आरमार. ज्यांची जहाजं कोरड्या जमिनीवरूनही चालतात अशांचं. पुढे 'सिस्टम ऑफ अ डाउन' या अमेरिकन-आर्मेनियन रॉक बँडबरोबरही त्याने काम केलं.

इकडे सेझेनने ओन्नो गेल्याच्या पुढच्या वर्षी बाल्कनमधल्या गोरान ब्रेगोविच या संगीतकाराबरोबर बाल्कन धाटणीचा 'द्युयुन वे जेनाझे' केला, आणि त्याच वर्षी, १९९७ मध्ये, तिने तारकान या तुर्की पॉप गायकासाठी रचलेलं 'शिमारिक' आलं आणि पुढे जगभर गाजलं. चुंबनाच्या आवाजाचा ठेका असलेलं ते गाणं आपल्याकडेही अनेकांनी ऐकलं असेल. पण ओन्नोकडून घेतलेला धागा तिने सोडला नाही. २००२ मध्ये तिने 'तुर्कस्तानची गाणी' या नावाने मैफली केल्या. रंगमंचावर तिच्याबरोबर इस्तंबूलच्या फेरिकोय भागातल्या सुर्प वार्तानांत्स चर्चचा आर्मेनियन गायकवृंद होता, कुर्दीबहुल दियारबाकिर शहरातल्या मुलांचा वृंद कुर्दी गाणी घेऊन आला होता, ग्रीक गाणारे होते, स्पॅनिश ज्यूंची जुनी लादिनो गाणी गाणारे होते. कुर्दी भाषेतल्या प्रसारणाला परवानगी देणारा कायदा संसदेने त्याच ऑगस्टमध्ये केला होता. तेव्हा हे धाडस लहान नव्हतं. राष्ट्रवादी गोटातून टीका झालीच. चर्चच्या बाकावर ओन्नो ज्या तऱ्हेचं गाणं ऐकत मोठा झाला, ते आता सेझेनच्या शेजारी उभं राहून हजारो लोकांसमोर गायलं जात होतं.

१९ जानेवारी २००७ रोजी ह्रांत डिंक यांना 'आगोस'च्या दारासमोर गोळ्या घालून मारलं. अंत्ययात्रेला लाखभर लोक चालले. 'आम्ही सगळे ह्रांत, आम्ही सगळे आर्मेनियन' असे फलक त्यांच्या हातांत होते.

आणखी एका चालीबद्दल सांगायचं राहिलं. आरा डिंक्जियान हा न्यू जर्सीत वाढलेला आर्मेनियन ऊदवादक, अर्तोचा जुना साथीदार. त्याच्या घराण्याची मुळं दियारबाकिरची. वडील ओन्निक अमेरिकेत राहूनही त्या गावच्या बोलीतली गाणी गात आले. ऐंशीच्या दशकात आराने एक बिनशब्दांची धून बांधली, 'होमकमिंग', म्हणजे घरी परतणं. ग्रीसमध्ये एलेफ्थेरिया अर्वानिताकीने ती 'दिनाता' म्हणून गायली, आणि २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या समारोपातही ती धून गाजली. तुर्कीत ती गायली सेझेनने. तिथे गाण्याचं नाव आहे 'वाझगेच्तिम'. त्याचा अर्थ, 'सोडून दिलं मी'.