स्नायूंच्या विजेवर चालणारे व्हिडिओ गेम : पार्श्वभूमी

दुचाकीचा अपघात किंवा माडावरून पडणं, ही मज्जारज्जूच्या दुखापतीची गोव्यातली ओळखीची कारणं. गोमेकॉतून (गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयातून) घरी गेल्यावर रुग्णापुढे उरतो तो महिनोन् महिने एकच व्यायाम करत राहण्याचा कंटाळा. त्यावर हल्ली स्नायूंनी चालवायचे, म्हणजे स्नायू आवळल्यावर उठणारी वीज त्वचेवरून टिपून तिच्यावर चालणारे गेम सुचवले जातात. त्यांची मुळं मात्र गेमिंगच्या धंद्यात नाहीत.

शरीरक्रियाशास्त्रज्ञ एमिल द्यु बॉय-रेमों यांनी 1849 मध्ये बर्लिनला, माणसाने हात आवळला की स्नायूत उठणारी वीज गॅल्व्हानोमीटर या वीज मोजण्याच्या यंत्रावर दाखवली. त्वचेचा विरोध आड येत होता, म्हणून त्यांनी मुद्दाम फोड आणून वरची कातडी काढून टाकली. आज एवढं करावं लागत नाही, पण निम्मं काम अजून कातडीशीच झगडण्याचं असतं.

उपचारात खेळ आणला डॉ. लुडविग गुट्टमान यांनी. इंग्लंडमध्ये स्टोक मँडविलच्या रुग्णालयात मज्जारज्जूच्या दुखापतींचा त्यांचा विभाग 1944 मध्ये सुरू झाला. 29 जुलै 1948 रोजी तिथे 16 जणांनी व्हीलचेअरवरून तिरंदाजी केली. त्यासाठी हात मात्र चालते हवेत. ही अट ढिली होण्याची वाट 1963 मध्ये दिसली. संशोधक जॉन बस्माजियन यांनी लोकांना त्यांच्याच स्नायूतल्या एकेका मोटर युनिटचा (एका चेतापेशीने चालणाऱ्या स्नायुतंतूंच्या गटाचा) आवाज स्पीकरवर ऐकवला, आणि थोड्या सरावाने त्यांना ते युनिट हवं तेव्हा चालू-बंद करता येऊ लागलं. काहींनी तर ढोलासारखे ताल काढले. गेमची कल्पना इथेच आहे. पडदा नंतर आला.

2006 चा निन्टेन्डोचा वी हा गेम कन्सोल आणि 2010 चा मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट हा कॅमेरा फिजिओथेरपीत शिरले खरे, पण दोन्ही हालचाल मोजतात. स्नायू आवळल्याचं बोटांना जाणवतं पण सांधा हलत नाही, अशा ग्रेड 1 च्या स्नायूला ते शून्यच देतात. स्नायूतली वीज मोजणारा ईएमजी त्याचीही नोंद घेतो. ईएमजीचे आठ संवेदक असलेला, हातावर बांधायचा मायो पट्टा आला तेव्हा पुष्कळांनी त्याच्यावर बेतून गेम लिहिले. 2018 मध्ये तो बंद झाला आणि गेम पोरके झाले. एकाच यंत्राला बांधलेला गेम घेऊ नये, तो यामुळेच.

गेम लावताना मनगट वर उचलणाऱ्या स्नायूपासून सुरुवात करणं सोयीचं. केस काढून त्वचा स्पिरिटने पुसायची, पूर्ण वाळू द्यायची. वीज टिपणाऱ्या दोन चकत्या, म्हणजे इलेक्ट्रोड, स्नायूच्या लांबीच्या दिशेने, मध्यापासून मध्यापर्यंत 20 मिमी अंतरावर लावायचे. तिसरा, तुलनेसाठीचा, कोपराच्या हाडावर. पावसाळ्यात घामाने चिकटपट्टी सुटते, दोन इलेक्ट्रोडमध्ये ओलाव्याचा पूल होतो आणि संकेत मरतो. पंखा चालू ठेवावा, तार टेपने बांधावी. संकेतातला साधारण 20 ते 450 हर्ट्झ वारंवारितेचा भाग घेतात. घरातल्या विजेची 50 हर्ट्झची गुणगुण आली तर लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवून पाहावा.

खरी गोम उंबरठ्यात, म्हणजे संकेत किती मोठा झाला की गेमने गुण द्यायचा त्या पातळीत. आधी पाच सेकंद विश्रांतीची पातळी, मग मध्ये दम घेऊन तीनदा पूर्ण जोर. उंबरठा त्या जोराच्या 20-30 टक्क्यांवर. फार खाली ठेवला तर झटका आला तरी गुण मिळतात, फार वर ठेवला तर रुग्ण खांदा उचलून किंवा शेजारचा स्नायू ताणून काम भागवतो. म्हणून खांद्यावर लक्ष हवं. ज्या गेममध्ये स्नायू सैल सोडल्यावरही गुण मिळतात तो आमच्या मते चांगला. नुसतं आवळायला शिकवून ताठरपणा असलेल्या हाताचं भलं होत नाही. आणखी एक : स्नायू दमला की ताकद घटूनही संकेत मोठा दिसू शकतो, म्हणजे वाढता स्कोअर ही सुधारणा असेलच असं नाही. गेम मज्जारज्जू जोडत नाही. व्यायामाच्या फेऱ्या वाढवतो, एवढाच त्याचा दावा असावा.

दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल आणि खेळताना अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला, तर तो रक्तदाब एकदम चढल्याचा इशारा असू शकतो; गेम तिथेच थांबवायचा. रुग्णाला ताठ बसवायचं, कपडे व पट्टे सैल करायचे, कॅथेटरची नळी कुठे मुडपली आहे का ते बघायचं आणि रक्तदाब मोजायचा. तो उतरत नसेल तर लगेच दवाखाना गाठायचा.